करवंटीपर्यंत

आबांना जाऊन वर्ष झालं. त्यांच्या नावाच्या प्रार्थनेसाठी सुनेने मलिदा नेटका केला: भिजवलेले पोहे, साखर आणि पांढरंशुभ्र खोबरं.

अलिबागची ज्यू आळी सोडून इस्रायलला आलेले आबा गिरणीत दोन-दोन पाळ्या करायचे, पण मलिद्याचा नारळ दुसऱ्या कुणाला खवू द्यायचे नाहीत. खोबरं संपलं तरी खवणीवरून उठायचे नाहीत. त्यामुळे मलिद्यात करवंटीचे काळे कण हटकून यायचे.

“आबा, करवंटीही वाढलीत का?” मुलगा दर वेळी चिडवायचा.

“टाकून द्यायला देश सोडून आलो का रे?” आबांचं ठरलेलं उत्तर.

आज प्रार्थना संपली. मुलाने घास घेतला आणि नुसताच चघळत राहिला.

“बिघडलाय का?” बायकोने धास्तावून विचारलं.

“छे, उलट फारच चांगला झालाय.”

ते ऐकून नात उठली. आईने टाकलेल्या करवंट्या घेऊन आजोबांच्या खवणीवर बसली.

“अगं, काळं पडेल!”

“पडू दे, आई.” तिने मूठभर काळपट खोबरं बाबांच्या ताटात घातलं.

कण दाताखाली कचकन आला. “आबा, करवंटीही वाढलीत का?” मुलगा म्हणाला, आणि सवयीने उत्तराची वाट बघत राहिला.