एक बोट सैल

दयाराम खुर्चीवर बसला आणि त्याने स्वतःच मान वर करून कॉलर दाखवली.

"भौजी, आपके कॉलर का कमाल सुनो. कल सवारी पूछती है, भैया, कौन से विभाग में साहब हो? इतना कड़क! मैं बोला, पीछे देखने के विभाग में हूँ. बस, गर्दन नहीं घूमती."

माया हसली. मशीनवरचा पाय तिने काढला नाही.

"टोचते का?"

"थोड़ा."

"मग जागेवर हाये."

बीरगांवच्या त्या खोलीत तीन महिन्यांत चौतीस शर्ट येऊन गेले होते, सगळे स्टेशनसमोरच्या टॅक्सीवाल्यांचे. माया कॉलर उसवायची, आतले कडक कापड, बकरम, काढायची आणि त्या जागी दुसरीच पट्टी घालून पुन्हा शिवायची. पट्टी कारखान्याने टाकून दिलेल्या, माल वाहणाऱ्या जुन्या रबरी पट्ट्याची होती. वरचे रबर सोलले की आत जाड विणलेले कापड निघे. त्यात तार रुतत नसे. तिने आधी स्वतः तार ओढून पाहिली होती.

सोलायचे काम तिचा नवरा मारोती करायचा. कोपऱ्यात, जमिनीवर, पाठ भिंतीला लावून. टॅक्सी चालवताना मागच्या सीटवरच्या सवारीने त्याच्या गळ्यात तार टाकली, त्या दिवसापासून तो असाच बसत होता. मोरीवर तोंड धुवायला उभा राहिला, तर मागून जाणारी दीक्षा आधी सांगायची, "बाबा, मी आहे." शाळकरी पोरीला हे कोणी शिकवले नव्हते.

दयारामने नवा शर्ट पिशवीत घातला. दारापाशी जाऊन तो थांबला. आता तो हसत नव्हता.

"मारोती भैया, मालिक शिशिर बाबू ने कहलवाया है. कल सुबह शंकर नगर आके चाबी ले लो. नहीं तो गाड़ी दूसरे को दे देंगे. तीन महीना रुके हैं, उनका भी..."

"हव," मारोती म्हणाला.

दयाराम गेला. मारोतीच्या हातातल्या पत्रा कापायच्या कात्रीचा आवाज थोडा वेळ चालू राहिला, मग थांबला.

मारोती उठला. पलंगाखालची पेटी ओढून त्याने तळाशी घडी करून ठेवलेला शर्ट काढला आणि मशीनवर ठेवला. मायाने तो ओळखला. रक्ताचे डाग काढायला तिला तीनदा धुवावा लागला होता. तेव्हाच तिला दिसले होते की उजवीकडे, जिथे कॉलर दुमडलेली होती, तिथे तार बकरमपर्यंत येऊन अडली होती. त्या बाजूला गळ्यावर साधा ओरखडाही नव्हता. चौतीस शर्टांची सुरुवात तिथून झाली होती.

"याले पण पट्टी बसवून दे."

"दुसरा आणा ना. हा काहून?"

"हाच."

"उद्या जाऊन राहिले का तुम्ही?"

"आधी शर्ट तर होऊ दे."

मायाने कॉलर हातात घेऊन पाहिली. तीन महिन्यांत मारोती वाळला होता. एरवी शर्टाला गळ्याशी दोन बोटे सैल ठेवायची पद्धत. टॅक्सीवाल्यांना ती एकच ठेवायची. कॉलर जास्त सैल राहिली, तर तार तिच्या आत, गळ्याशी शिरेल. जुने माप आता चालणार नव्हते.

मारोती मापासाठी खुर्चीवर बसला आणि ती टेप घेऊन उठली. मनात पट्टीच्या रुंदीचा हिशेब चालला होता बहुधा. इतक्या जणांच्या मागे उभी राहिली होती, तशीच ती त्याच्या मागे उभी राहिली आणि तिने टेप त्याच्या डोक्यावरून पुढे टाकली.

खुर्ची धाडकन पडली. मारोती भिंतीला जाऊन टेकला होता. टेप त्याच्या मुठीत होती, तिचे दुसरे टोक अजून मायाच्या हातात. डोळे तिच्यावर होते, पण तिला पाहत नव्हते.

"मी हाये," ती म्हणाली. "माया हाये."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग मायाने आपल्या हातातले टोक सोडून दिले.

"अंदाजानं करून देते. आता मले अंदाज येते."

तो हळूहळू खाली बसला. त्याने मुठीतल्या टेपकडे पाहिले.

"अंदाजानं नको," तो म्हणाला.

त्याने टेप स्वतःच मानेमागून घेतली. दोन्ही टोके समोर आणली. एकदा सोडून दिली. पुन्हा घेतली. गळ्यावरच्या तांबूस रेघेवर टेप नीट बसली, तेव्हा त्याने डोळे मिटले. माया समोर येऊन उकिडवी बसली. तिने हात पुढे केला नाही.

उजव्या हाताच्या चिमटीत टोके धरून त्याने डाव्या हाताचे पहिले बोट टेपच्या आत सरकवले. त्या बोटावर हाडापर्यंत गेलेला आडवा व्रण होता. त्या दिवशी हेच एक बोट वेळेवर तारेच्या आत गेले होते.

अंगठ्याच्या नखाने जागा दाबून धरून त्याने टेप काढली आणि दाराच्या उजेडात नेली.

"साडेचौदा."

मायाने खडू उचलला.

"बोटासकट?"

"हव," मारोती म्हणाला. "बोटासकट."