बांधाकडचं साधं बी

बोंडअळीनं घाटंजीकडची कपाशी पोखरली, त्याच साली डॉक्टरांनी इंदूबाईच्या पोटाच्या कातडीखाली पेढ्याएवढी औषधाची डबी बसवली. “दुखणं वाढलं की डबी आपोआप औषध सोडेल,” ते म्हणाले. तिचा नवरा डोमाजी चक्रावला. बीटी कपाशीच्या बियाण्यातही अळी मारायचं औषध होतं, तरी अळी त्याला सरावलीच. बियाण्याच्या थैलीसोबत साध्या बियाण्याची पुडी यायची. ती बांधाकडेला पेरा, अळीला बिनऔषधाचं खायला मिळालं की ती सरावत नाही, असं दुकानदारानं बजावलं होतं. डोमाजीनं पुडी उकिरड्यावर फेकली होती. तसंच दुखणंही डबीतल्या औषधाला सरावलं तर? आता बायकोच्या दुखण्यापुढे बिनऔषधाचं काय ठेवावं? गोठ्यातल्या बैलालाही विचारून झालं. शेवटी खाटेजवळ वाकून त्यानं पोटातल्या दुखण्याला दम दिला, “पाह्य बे, खायचंच असन तर मले खाय. मी बांधाकडचं साधं बी.” कण्हणारी इंदूबाई खुदकन हसली. “मंग आजवर मी कोणाले खाऊन राह्यलती?”