बुडबुडे

लेकीच्या हट्टापायी रनाळ्याच्या भटूआबांनी अंदमानला जाऊन पहिल्यांदा समुद्र पाहिला. मयूरी पाठीवर हवेची टाकी लावून, कॅमेरा घेऊन किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरली आणि प्रवाळांचे फोटो काढायला खाली गेली. जरा वेळाने पाण्यावर बुडबुडे आले. आबांचा धाकटा भाऊ शेतातल्या विहिरीत बुडाला, तेव्हा काठावर उभं राहून त्यांनी असेच बुडबुडे पाहिले होते.

घरी परतल्यावर दगूबाई लेकीच्या मोबाइलवर फोटो बघत होती. कासव, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि मग डोळे फाडून, सदऱ्यासकट पाण्यात खाली येणारा तिचा नवरा.

“पन तुमले पव्हता कोठे येस?” तिने आबांकडे वळून विचारलं.



“बुडबुडा दिखनात, मंग ते याद नही ऱ्हायनं.”