पुठ्ठ्याचा केक

संध्याकाळी पाच वाजता गुढियारीतल्या रेल्वे क्वार्टरमध्ये मारोतीने आपल्या निवृत्तीचा केक कापला. केक पुठ्ठ्याचा होता. दोन हजार साली इथलं राज्य नवं झालं, त्याच वर्षी साखरेच्या आजाराने त्याच्या पायाचं बोट गेलं होतं. आता गोड खाल्लं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून कांताबाईने चपलांच्या खोक्यांवर मैद्याची खळ आणि चुना चढवून नवऱ्यासाठी दोन मजली केक केला. फोटोसाठी त्यात सुरीपुरती चीर ठेवली.

"निस्तं कापल्यावानी करा," ती म्हणाली.

"काहून चिडवून राहिली व मले?"

सुरी चिरेत शिरली आणि न अडता थेट ताटापर्यंत उतरली. मारोतीने तुकडा उचलून खाल्ला.

"पापा, पुठ्ठा मत खाओ!" त्यांची मुलगी साक्षी हसली.

"गोड आहे," म्हणत त्याने दुसरा उचलून चावला.

कांताबाईने तो हिसकावला आणि उरलेला केक दोन्ही हातांनी फाडला. आत कोरा पुठ्ठा होता.

रात्री मारोती दवाखान्यात बेशुद्ध पडला होता.

"क्या खाया इन्होंने?" डॉक्टरांनी विचारलं.

कांताबाईने हिसकावलेला तुकडा पुढे केला. पुठ्ठाच तो, कडेला दातांच्या खुणा.

इन्सुलिन दोनदा देऊन झालं. साखर अजून चढतेच आहे.