आधी विचारणारं साधन

माझी बायको सॉल्वेग गेल्याचं दवाखान्यातून कळलं त्या दिवशी मिनेसोटात कडाक्याची थंडी होती. घरी परतलो तर स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर तिच्या आवाजात म्हणाला, “आळशा, नळ थोडा सुरू ठेव, पाइप गोठतील.” थंडी वाढली की बोलणारा तो प्रोग्राम तिनंच लिहिलेला. पुढे त्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या लिनक्स प्रणालीला अपडेट मिळणं बंद झालं, ती बदलून नवी घालायलाच हवी होती, म्हणून तिच्या मैत्रिणीला, मर्लला, फोन केला. “बदलायची दोन साधनं आहेत, ऑरिन. एक नव्या प्रणालीशी न जुळणारं सगळं गुपचूप उडवतं. दुसरं प्रत्येक पॅकेजपाशी, म्हणजे एकेका प्रोग्रामपाशी, विचारत बसतं, तुझ्यासारखं किरकिरं.” “आणि तिचा प्रोग्राम?” “नव्यात चालणार नाही रे. आवाज जपून ठेवू, पण थंडी पडली की आपणहून बोलणार नाही.” मी विचारणारं निवडलं. बाकीच्यांना ‘हो’ म्हटलं. तिच्या प्रोग्रामवर ते थांबलं: “उडवू का?” ‘नाही’ म्हटलं तर पुढे जात नाही. अजून उत्तर दिलेलं नाही.