ठळक रेघ

कारखान्यात तिला सगळे सोनारीण म्हणत. तिच्या यंत्राच्या बारीक नळीतून सोन्याचं पिवळसर पाणी अखंड वाहायचं आणि मायक्रोवेव्हच्या पेटीत तापून डाळिंबासारखं लाल होऊन बाहेर पडायचं. त्यातले सोन्याचे कण डोळ्यांना दिसत नसत, पण सगळे एका मापाचे लागत. जरा लहानमोठे झाले की रेघ फिकट पडायची. याच कणांनी उमटणारी ही रेघ म्हणजे बाई गरोदर आहे का, ते सांगणाऱ्या पट्टीवरची. एक रेघ आली तर पट्टी चांगली आहे, दुसरीही आली तर बाळ आहे.

तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि या खेपेला पहिल्यांदाच पाळी चुकून नऊ दिवस वर गेले होते. पट्ट्या भरणाऱ्या मावशींनी आजच्याच मालातली एक पट्टी तिच्या हातात कोंबली. "अगं सोनारणी, जगाला गोड बातमी देतेस, एकदा स्वतःचंही बघ की!"

बऱ्याच वेळाने ती तोंड धुऊन बाथरूममधून बाहेर आली. मावशी दाराशीच उभ्या होत्या. "काय गं, काय म्हणते पट्टी?"



"माल चोख उतरलाय, मावशी. एकच रेघ आली, पण बघा किती ठळक आलीय."