शेवटचा राक्षस

एका जुन्या मारधाडीच्या कॉम्प्युटर गेमचा नंतर आलेला पुढचा भाग मी बावीस वर्षं खेळतोय. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी त्याचे गोडवे गातो. "हल्लीचे गेम आठवड्यात संपतात. हा अजून संपत नाही. याला म्हणतात क्लासिक!" सगळे माना डोलावतात आणि डबे आवरायला घेतात.

गेल्या महिन्यात सासूबाई दातांच्या उपचारांसाठी आमच्याकडे राहायला आल्या. त्या निवृत्त टायपिस्ट. दुपारी वेळ जाईना, म्हणून त्यांनीच विचारलं, "तुमचा तो खेळ बघू का जरा?"

मी मोठ्या मनाने शिकवलं. "या बटणाने तलवार, त्याने औषध. शेवटच्या राक्षसापाशी मेलात तर वाईट वाटून घेऊ नका. तिथे भलेभले गारद होतात."

भलेभले म्हणजे मीच.

दहाव्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, तर कॉम्प्युटर बंद होता आणि सासूबाई विणकाम करत बसल्या होत्या. बायको हसू दाबत होती.

"कंटाळलात ना?" मी समजुतीने विचारलं.



"छे हो जावईबापू, राक्षस परवाच मेला, खेळ संपला. पण मला एक सांगा, बावीस वर्षं तुम्ही नक्की काय करत होतात?"